पाचवा थांबा

१

डायलिसिसच्या पेशंटांची ने-आण करणारी गाडी मी बावीस वर्षं चालवली. आठवड्यातून तीन दिवस, तीच घरं, त्याच वेळा. सहाला गाडी पुसायची, साडेसहाला पहिलं दार. किती मिनिटांनी कुठला सिग्नल लागतो, कुठल्या शाळेपाशी कधी गर्दी होते, हे कुणी विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं.

कुणी विचारलं नाही. कंपनीने यंत्र बसवलं.

स्टीअरिंगच्या बाजूला शाळेतल्या पाटीएवढा पडदा. त्याच्या वरच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा कॅमेरा, तोही रस्त्याकडे नाही, माझ्याकडे तोंड केलेला. पडद्यावर नकाशा, नकाशावर निळी रेघ, रेघेवर एक बाण. तो बाण म्हणजे मी. आत एक बाई बोलायची. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा.’ बावीस वर्षं मी तिथे डावीकडेच वळत होतो. पेशंट चढला की पडद्यावर ‘प्रवासी चढले’ दाबायचं. नाही दाबलं तर ते टुकटुक करत राहायचं, आपण खाली बघेपर्यंत. आणि खाली जास्त वेळ बघितलं की त्याच पडद्यावर लाल अक्षरं यायची: ‘कृपया रस्त्याकडे लक्ष द्या.’ ती वाचायला पुन्हा खाली बघावं लागायचं.

“हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हो, दादा?” माझ्या पेशंटांपैकी शिंपीकाकांनी विचारलं होतं.

“ज्याला गाडी चालवता येत नाही त्याच्या,” मी म्हटलं.

चार पेशंट होते. पहिल्या दारी मास्तरीणबाई, भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, बोलणं मोजून मापून. मग वॉचमन. आयुष्यभर रात्रपाळी केल्यामुळे त्यांना दिवसा डोळे मिटूनच बसायची सवय. मग धाकटी, सव्वीस वर्षांची, चढली की कानात वायरी घालून खिडकीला डोकं टेकवणारी. सगळ्यात शेवटी शिंपीकाका. त्यांचं तोंड फक्त डायलिसिसच्या मशीनवर असताना बंद असतं, असं नर्स म्हणायच्या.

शिंपीकाकांच्या घरापासून हॉस्पिटलपर्यंत तीन किलोमीटर सरळ रस्ता. एका बाजूला बंद पडलेल्या कागद गिरणीची लांबलचक भिंत, मध्ये दुभाजक, दुभाजकात कण्हेरीची झाडं. त्या झाडांना पाणी घालणारी एक बाई रोज तिथे असायची, अंगात नारिंगी जाकीट. गाडी दिसली की ती हात वर करायची, मी दिवे मिचकवायचो. तेवढीच ओळख, पण जुनी.

२

यंत्र बसल्याला दहा-बारा दिवस झाले असतील. शिंपीकाका चढले, मी बटण दाबलं, भिंतीच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर यंत्रातली बाई गप्प असायची. सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्या दिवशी ती म्हणाली, ‘चारशे मीटरवर थांबा पाच. प्रवासी वाट पाहत आहेत.’

मी खाली बघितलं. निळ्या रेघेच्या कडेला, भिंतीला लागून, एक लाल टिकली. वर बघितलं. भिंत, भिंतीखालचं गवत, फूटपाथ सुद्धा नाही. मी वेग कमी केला. टिकली बाणाजवळ आली, बाजूने गेली, मागे पडली. आरशात बघितलं. गवत हलत होतं, पण ते आमच्याच गाडीच्या वाऱ्याने.

हॉस्पिटलच्या आवारात गाडी उभी करून यादी उघडली. थांबे चार. मी ऑफिसला फोन लावला. गाड्यांचं वेळापत्रक बघणारे साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान होते, पण मला अरे-तुरे करत नव्हते, एवढं मान्य करायला हवं.

“तुमच्या यादीत चारच आहेत,” ते म्हणाले. “पाचवा कुणी नाही. पडद्याचा फोटो काढून पाठवा.”

“थांबलं की दिसत नाही. गाडी चालती असेल तरच दिसतं.”

चालत्या गाडीत काढा, हे साहेबांच्या तोंडापर्यंत आलं असावं. “बघतो मी,” म्हणाले, आणि कामात बुडून गेले.

मी यंत्रांना भिणारा माणूस नाही. एखादा जुना पेशंट असेल, त्याचं घर पाडलं असेल, पत्ता तेवढा शिल्लक राहिला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती पटण्यासारखी होती. अडचण एवढीच की बावीस वर्षांत त्या भिंतीपाशी एकही घर नव्हतं, आणि हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

३

टिकली सरकायला लागली.

एका दिवसात कळण्यासारखं नव्हतं ते. सोमवारी गवतात होती. बुधवारी रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर. पुढच्या आठवड्यात पट्ट्याच्या आत. मी दर वेळी बघायचो. बघायचं नाही असं ठरवायचो, शिंपीकाकांच्या दारापर्यंत ते टिकायचं, आणि भिंत सुरू झाली की मान आपोआप खाली जायची. जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी.

एका शुक्रवारी टिकली बरोबर आमच्या लेनच्या मधोमध होती. पन्नास मीटर. चाळीस. मी बघत राहिलो. टिकलीवरून बाण जाईल तेव्हा काय होतं, ते मला बघायचं होतं.

“दादा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण तो वर्ग गप्प करणारा आवाज होता.

मी वर बघितलं तर काचेत सिमेंटच्या पोत्यांचा टेम्पो, उभा. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. शिंपीकाकांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, धाकटीच्या कानातल्या वायरी निसटल्या, वॉचमनने डोळे उघडले. टेम्पो आणि आमच्यात हातभर अंतर राहिलं होतं.

कुणी काही बोललं नाही. शिंपीकाकाही नाहीत. त्यांचा तो गप्पपणा मला थोबाडीत बसल्यासारखा लागला. ही माणसं दिवसाला दोन पेले पाण्यावर राहतात, आठवड्यातून तीनदा अंगातलं सगळं रक्त बाहेर काढून आत घेतात, जगायचं म्हणून. आणि मी त्यांना एका टिकलीपायी घालवणार होतो.

पुढच्या वेळी मास्तरीणबाईंनी मागचं दार उघडलं नाही. त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या, पट्टा लावला आणि हाताने यंत्र किंचित स्वतःकडे वळवून घेतलं, कॅमेऱ्यात माझा चेहरा राहील इतपत.

“तुम्ही रस्त्याकडे बघा,” म्हणाल्या. “याच्याकडे मी बघते.”

४

दोन महिने असे गेले. नोकरीतले सगळ्यात चांगले दोन महिने होते, असं आता वाटतं.

त्या यंत्र वाचायच्या, बटणं दाबायच्या, टुकटुक बंद करायच्या. “उजवीकडे वळायला सांगतेय, पण तुम्हाला माहीतच आहे,” असं म्हणायच्या. कॅमेऱ्याला माझी नजर रस्त्यावर दिसायची, म्हणून ऑफिसकडून शाबासकीचा निरोपसुद्धा आला. त्या हसल्या. “कॉपी करून पास झालात,” म्हणाल्या.

भिंतीच्या रस्त्यावर मात्र त्या बोलायच्या नाहीत. यंत्रातली बाई आपलं ते वाक्य म्हणायची, आणि मग शेजारी एकदम शांतता. मी सुरुवातीला विचारायचो.

“कुठे आहे आज?”

“समोर बघा.”

“पण रस्त्यात आहे का?”

“दादा, मी बघतेय ना? दोघांनी बघायची काय गरज आहे?”

डोळ्याच्या कोपऱ्यातून जेवढं दिसतं तेवढं दिसायचं. त्यांचा डावा हात, सुयांनी गाठी आलेला, मांडीवर. मान खाली. पहिले काही दिवस त्या पडद्याकडे पेपर तपासल्यासारख्या बघायच्या. नंतर नंतर वेगळं बघायला लागल्या. कसं सांगू? समोरचा आपल्याशी बोलतोय आणि आपण ऐकून घेतोय, तसं.

एकदा, भिंत अर्धी सरली असेल, त्या सीटवर किंचित सरकल्या. दाराच्या बाजूला. बसमध्ये कुणी येऊन उभं राहिलं की आपण वर न बघता जागा करून देतो, तसं सरकल्या, पदर आवरून घेतला, आणि हॉस्पिटल येईपर्यंत तशाच अंग चोरून बसल्या.

मी तेव्हाच गाडी थांबवायला हवी होती. पण मशीनची वेळ झाली होती.

५

“दादा, मी छत्तीस वर्षं शिकवलं,” एका दुपारी त्या म्हणाल्या. बाकीचे उतरले होते, गाडी त्यांच्या घरासमोर उभी होती. डायलिसिसनंतर चेहरा कागदासारखा पडायचा, तसा पडला होता. “फळ्याकडे तोंड असलं तरी मागून कोण आपल्याकडे टक लावून बघतंय, ते मला कळायचं.”

“मग?”

“मग काही नाही. मी पुढे बसायला नको होतं, असं वाटतं कधीकधी. त्याला सवय लागली.”

“कुणाला?”

त्यांनी दार उघडलं, उतरल्या, आणि खिडकीतून वाकून म्हणाल्या, “माझी तब्येत काही ठीक नाही. मी नसले तर यावर रुमाल टाका. आवाज येऊ दे. बघू नका फक्त.”

दोनच दिवसांनी त्यांच्या फुप्फुसात पाणी भरलं. रविवारी त्या गेल्या. मुलीने फोन करून सांगितलं, “आईने तुमचा नंबर वेगळा लिहून ठेवला होता, कळवायचं म्हणून.” मी बरं म्हटलं. बायकोने चहा समोर ठेवला तो तसाच गार झाला.

सोमवारी मी यंत्रावर रुमाल टाकला. पहिल्या दारी न थांबता वॉचमनकडे गेलो. दहा मिनिटांत साहेबांचा फोन.

“कॅमेरा झाकला गेलाय तुमचा.”

“मुद्दाम झाकलाय. मला लक्ष द्यायला त्रास होतो.”

“लक्ष देताय की नाही ते बघायलाच कॅमेरा आहे ना. काढा तो रुमाल. नाहीतर मला गाडी थांबवायला लावावी लागेल, आणि पेशंट आहेत तुमच्या गाडीत.”

पेशंट होते. मी रुमाल काढला.

६

शिंपीकाका चढले. रिकाम्या पुढच्या सीटकडे त्यांनी बघितलं आणि मागे जाऊन बसले. मी न बघता बटण दाबलं. सकाळचे सव्वासात, ऊन लख्ख, रस्ता मोकळा.

भिंत सुरू झाली. मी नजर समोर खिळवली होती, मान दुखेपर्यंत. यंत्रातली बाई तिचं वाक्य बोलली नाही. चारशे मीटर गेलो असेन, पाचशे. ती गप्पच होती. संपलं, असं वाटलं. बाईंबरोबर गेलं जे काय होतं ते.

तेवढ्यात पट्ट्याची सूचना वाजायला लागली. पुढच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की गाडी जी घंटी वाजवते, ती. माझा पट्टा लावलेला होता.

सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही. वजन नसतानाही कधीकधी असं होतं, सेन्सर बिघडतो, मला माहीत आहे. मी समोर बघितलं. दुभाजकापाशी पाणी घालणारी बाई पाइप ओढत रस्त्याच्या कडेला आली होती. तिने हात वर केला. मी दिवे मिचकवले. म्हणजे मी तिला बघितलं होतं. हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

मग माझी मान खाली होती. खाली बघायचं ठरवलेलं आठवत नाही. बाण होता, निळी रेघ होती, टिकली कुठेच नव्हती. कोपऱ्यात, जिथे मी कधी बघत नसे, बारीक अक्षरं होती: ‘प्रवासी: ४.’ मी तिघांना घेतलं होतं. वॉचमन, धाकटी, शिंपीकाका. मी पुन्हा मोजले. तीन. पडद्यावर चार.

पुढचं मला आवाजानेच कळलं.

७

चौकशीच्या खोलीत साहेबांनी चित्रण दाखवलं. कॅमेऱ्याच्या चौकटीत माझा चेहरा, खांदे, मागे सीटची थोडी कड. बाकी काही मावत नव्हतं.

“चार पूर्णांक दोन सेकंद तुम्ही पडद्याकडे बघत होतात,” साहेब म्हणाले. “त्या वेगाला चौसष्ट मीटर.”

मी चित्रण बघत होतो. माणूस डोळे खाली करतो तेव्हा आधी नजर जाते, मग गरज पडली तर मान. इथे माझी नजर समोरच होती. मान खाली गेली. एकदम, हनुवटी छातीला टेकेपर्यंत. आणि चार सेकंद वर आली नाही.

साहेबांनी ते दोनदा मागे-पुढे केलं. “डुलकी लागली होती का?”

“नाही.”

“मग असं कोण बघतं?”

मी गाडीतल्या प्रवाशांचा आकडा विचारला. त्यांनी कागद बघितला. “चार. बरोबर आहे, चारच तुमची यादी.”

“त्या दिवशी तीन होते. एक पेशंट रविवारीच गेल्या.”

“मग नाव काढायचं राहिलं असेल,” ते म्हणाले. पटण्यासारखं होतं. सगळंच पटण्यासारखं होतं. ज्या यंत्राकडे बघायला मला पगार मिळत होता, त्याच्याकडे बघितलं म्हणून माझी नोकरी गेली. मी सही केली. गाडी दुरुस्त होऊन आठवड्यात रस्त्यावर आली, माझ्या जागी दुधाची गाडी चालवलेला एक चाळिशीचा माणूस घेतला. चावी मीच त्याच्या हातात दिली. माणूस बरा होता. फोन नंबर मागून घेतला, अडलं तर विचारीन म्हणाला.

८

झाडांना पाणी घालणारी ती बाई जगली होती. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, डोक्याला आठ टाके. तीन आठवड्यांनी धीर करून मी वॉर्डात गेलो. दुपारची भेटायची वेळ होती. ती उशीला टेकून बसली होती, पाय दोरीने टांगलेला.

“मी त्या गाडीचा ड्रायव्हर,” मी म्हटलं.

“ओळखलं,” ती म्हणाली. “बसा.”

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली, नको म्हणाली नाही आणि चालेल असंही म्हणाली नाही. मग म्हणाली, “तुमची चूक नाही असं मी पोलिसांना सांगितलं होतं. त्यांनी लिहिलं नाही. डोक्याला मार लागलाय म्हणाले.”

“माझीच चूक होती. मी खाली बघत होतो.”

“तुम्ही माझ्याकडे बघत होता. दिवे दिलेत मला. मग त्या बाईंनी तुमची मान खाली धरली.”

वॉर्डातला पंखा करकरत होता. मी विचारलं, “कुठल्या बाई?”

“शेजारी बसलेल्या. मागून हात घातला मानेवर, आणि दाबली खाली. पोराचं डोकं नळाखाली धरतात ना, तशी. मी ओरडले सुद्धा, अहो बाई, सोडा त्यांना.”

मी स्टूल कॉटजवळ ओढलं. “केस पांढरे होते त्यांचे?”

ती बराच वेळ आठवत राहिली. खरं सांगायचं असलेलं माणूस आठवतं तशी.

“डोकं दिसलं नाही,” ती म्हणाली. “हात दिसला, पदर दिसला. स्वतःचं तोंड खाली, पडद्याच्या अगदी जवळ नेलं होतं त्यांनी. जवळ म्हणजे, टेकवलंच होतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमच्या घरच्या होत्या का?”

“नाही,” मी म्हटलं. मास्तरीणबाईंचं नाव ओठावर आलं होतं, ते मी गिळलं. ज्या बाईंनी दोन महिने माझी मान वर ठेवली त्यांच्यावर मी हे कसं घालणार होतो? आणि त्या नसतील, तर मग दुसरं कोण, हा विचार मी तिथेच सोडला.

“आता ती गाडी कोण चालवतं?” तिने विचारलं.

“आहे एकजण.”

“त्याला सांगितलंत?”

मी जिन्यात येऊन फोन लावला. तीन वेळा वाजला आणि त्याने उचलला. मागून गाडीचा आवाज येत होता, आणि शिंपीकाकांचं बोलणं.

“बोला दादा,” तो म्हणाला. “पेशंट घरी सोडतोय. भिंतीच्या रस्त्यावर आहे. बोला, ऐकतोय.”

चालत्या गाडीत. एक हात फोनला. मी काही न बोलता फोन तोडला.

लगेच त्याचा फोन आला. मी उचलला नाही. उचलला असता तर तो बोलत बसला असता. वाजून वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला, कारण तो सज्जन माणूस होता आणि जुन्या ड्रायव्हरने उगीच फोन केला नसणार हे त्याला कळत होतं. दर वेळी माझा नंबर शोधायला त्याची नजर खाली जात असणार. मी फोन हातात धरून जिन्यात उभा राहिलो. चौथ्यांदा वाजायला लागला, आणि दुसरी घंटी पुरी व्हायच्या आत थांबला.

मग नाही वाजला.